भैताडशास्त्र प्रवेशिका

बदली होऊन, लग्न होऊन, मिहानमध्ये नोकरी लागून किंवा हिवाळी अधिवेशनाच्या ड्युटीवर येऊन जे नागपुरात पहिल्यांदाच मुक्कामाला टेकले आहेत, त्यांच्यासाठी ही प्रवेशिका आहे. भाड्याचं घर, कूलर आणि सकाळी तर्री-पोहे खायला एक भरवशाचा ठेला एवढं हाताशी आलं की माणसाला वाटतं, झालो आपण नागपूरकर. तसं होत नाही. जोवर कोणी तुम्हाला चारचौघांत हसत हसत ‘भैताड’ म्हणत नाही आणि तुम्ही न चिडता ‘काहून बे?’ असं विचारत नाही, तोवर तुम्ही पाहुणेच. पाहुण्याला इथे खुर्ची मिळते, चहा मिळतो, नावापुढे ‘जी’ मिळतं. भैताड मिळत नाही.

तेव्हा हे शिकून घ्यायला हवं, दुसऱ्याला म्हणायला आणि स्वतः ऐकून घ्यायला. प्रवेशिका वाचून झाली म्हणून लगेच प्रयोगाला निघू नये. आधी काही दिवस नुसतं ऐकत हिंडावं.

साहित्य

मुख्य जिन्नस भैताड. हा शब्द माणसाच्या बुद्धीबद्दल नसतो, त्याने नुकत्याच केलेल्या कृत्याबद्दल असतो. कूलरच्या टाकीत नळी सोडून, नळ चालू करून, ‘पाच मिनिटं पडतो’ म्हणत घोरायला लागलेला माणूस भैताड. खालच्या गॅलरीत काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया वाहून गेल्या की त्याच्या भैताडपणावर शिक्कामोर्तब होतं. हा माणूस चार्टर्ड अकाउंटंट असू शकतो, प्राध्यापक असू शकतो, त्याने काही बिघडत नाही. संध्याकाळपर्यंत शब्द उतरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस इतरांना भैताड म्हणायला मोकळा होतो.

बह्याड त्याहून मऊ. त्यात राग कमी आणि कीव जास्त. आया हा शब्द पोरांसाठी राखून ठेवतात. दप्तर घरी आणि डबा तेवढा हातात घेऊन शाळेत पोचलेलं पोट्टं बह्याड. झामल्याचं प्रकरण वेगळं. काय चाललंय ते त्याला कळत नाही, पण तो गप्पही बसत नाही, आणि त्याच्यापायी उरलेल्या सगळ्यांचा झामल झामल होतो. ताडोब्याची सहल ठरवताना मोहर्ली गेटचं बुकिंग करून गाडी कोलारा गेटला नेणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला भैताड म्हणणं म्हणजे त्याच्या कर्तबगारीला कमी लेखणं आहे.

हुकेल आणि सटकेल हे दोन शब्द इकडच्या व्याकरणाची देणगी. प्रमाण मराठीत ‘हुकलेला’ असं म्हणेस्तोवर समोरचा माणूस सुधारून जाण्याची भीती असते. ‘हुकेल हाय का बे?’ या प्रश्नाला तो धोका नाही. हे दोन्ही शब्द स्वभावाला लावतात, चुकीला नाही. आणि फोकनाड हा जिन्नस इतका मोठा आहे की त्याला पुढे स्वतंत्र जागा दिली आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती तळटीपेत टाकण्यासारखी नाही. ज्यांच्या मनाचं दुखणं हे खरोखरीचं दुखणं आहे, त्यांच्यासाठी यातला एकही शब्द नाही. मनोरुग्णालयाचं नाव घेऊन केलेले विनोद नागपुरात पुष्कळ चालतात, बसल्या बैठकीत चार ऐकायला मिळतात. ते शिकू नयेत. त्यात काही कौशल्य नाही.

बाकी अकलेचे तारे तोडणे, अकलेचा खंदक, पालथ्या घड्यावर पाणी, वेड घेऊन पेडगावला जाणे ही सगळी छापील मालमत्ता घरी असू द्यावी. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशात ती भरपूर आहे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र लिहिताना कामाला येते. पेडगाव मात्र श्रीगोंदा तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे इथून फारच लांब. इकडचा माणूस तेवढा प्रवास न करता ‘येडा बनून पेढा खातो’. वाट वाचते आणि वर पेढाही मिळतो.

जोडशब्द

नवशिक्यांची निम्मी फजिती इथे होते. त्यांना भैताड पाठ होतं, पण त्याच्यामागे काय लावायचं ते माहीत नसतं. नुसतं ‘भैताड’ म्हटलं तर ती शिवी. ‘भैताड हाय का बे’ म्हटलं तर चौकशी. ‘भैताडच हायेस नं बाप्पा तू’ म्हटलं तर माया. त्यातला ‘बाप्पा’ गणपतीतला नव्हे. तो वाक्याच्या कुठल्याही टोकाला, आश्चर्य, कंटाळा, कौतुक यांपैकी कशासाठीही येऊन बसतो आणि वाक्याची धार बोथट करतो. ‘नं’ हा त्याहून धूर्त. तो समोरच्याची संमती गृहीत धरतो. ‘तू भैताड आहेस’ याला नाही म्हणता येतं, ‘तू भैताड आहे नं’ याला नाही म्हणायला जागाच उरत नाही.

‘बे’ बरोबरीच्याला आणि लहानाला. बायकोच्या वडिलांना, साहेबाला, बँकेतल्या अनोळखी बाईला ‘बे’ म्हटल्यास पुढचे धडे वाचण्याची गरज पडणार नाही. मोठ्यांसाठी ‘जी’ आहे. ‘काय जी काकाजी’, ‘हो जी मामाजी’, ‘बसा नं जी’. आता मुद्द्याची गोष्ट अशी की ‘जी’ आणि भैताड हे एका वाक्यात नांदत नाहीत. ज्याला ‘जी’ म्हणायचं त्याला भैताड म्हणता येत नाही. मग काकाजींनी मीटरचं रीडिंग पाहायला जाऊन मेन स्विचच बंद केला आणि घरातला फ्रीज, कूलर, वायफाय सगळं थंड केलं, तर म्हणायचं काय? म्हणायचं, ‘काकाजी, तुमचं बरोबर आहे जी, पण...’ आणि तिथे थांबायचं. त्या ‘पण’मध्ये भैताडसकट सगळा साठा भरलेला असतो आणि तो काकाजींना व्यवस्थित पोचतो.

नात्यांचं गणित थोडक्यात. साळ्याला म्हणता येतं, साळ्याने आपल्याला म्हणायचं नाही. मावसभाऊ, आतेभाऊ, शाळूसोबती यांच्यात मोकळं रान. जावयाला कदापि नाही. जावयाने पंगतीत सावजी रस्सा ताक समजून तोंडाला लावला तरी ‘जावईबापू, थोडं तिखट लागलं का?’ एवढंच विचारावं आणि पाण्याचा तांब्या पुढे करावा. पाठमोरे झाले की मग बघता येईल.

प्रात्यक्षिक : पानठेला

वर्गातलं शिक्षण इथे संपतं. जवळचा पानठेला गाठावा. ठेलेवाला पातळ प्लॅस्टिकच्या कागदावर कातरलेली सुपारी घेतो, वर तंबाखू टाकतो, बोटाने चुना लावतो, कागदाची घडी घालतो आणि तळहाताने ती लाकडाच्या फळीवर दाबून पुढे-मागे घोटत राहतो. चुना सुपारीला सगळीकडून लागेपर्यंत हे चालतं. याला खर्रा म्हणतात. घोटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गिऱ्हाइकांना बोलण्यावाचून दुसरं काम नसतं, आणि नागपुरी वादविवादाची लांबी त्या घोटण्यावर ठरते. घाईच्या वेळी ठेल्यावर तीन पुड्या आधीच तयार असतील तर त्या दिवशी चांगलं काही ऐकायला मिळत नाही.

खर्रा खाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. त्याने तोंडाच्या आतली त्वचा आवळत जाते, जबडा उघडेनासा होतो, पुढचं त्याहून वाईट असतं. ज्याचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही त्याला या शास्त्रात प्रगती करता येत नाही. आपण तिथे बडीशेप घेऊन उभं राहावं आणि ऐकावं. पुढे दिलेला संवाद नमुन्यादाखल आहे. बोलणारे दोघे बरोबरीचे, साधारण तिशीतले.

‘गाडी कुठं लावली बे?’
‘बर्डीवर.’
‘अन् इथं कसा आला?’
‘मेट्रोनं.’
‘आता घरी कसा जाशीन?’
‘गाडीनं.’
‘कोणत्या गाडीनं?’
‘माह्या.’
‘ते तर बर्डीवर हाय नं बे, भैताड!’

आता यातली बांधणी पाहा. शब्द सगळ्यात शेवटी आला. त्याच्याआधी चार प्रश्न आले, चारही साधे, आणि चारहींची उत्तरं आरोपीने स्वतःच्या तोंडाने दिली. शब्द उच्चारला गेला तेव्हा विरोध करायला काही शिल्लकच नव्हतं. आरोपी हसला आणि दोन्ही पुड्यांचे पैसे त्याने दिले. नवशिका काय करतो? तो पहिल्याच वाक्यात ‘तू भैताड आहेस’ म्हणतो आणि मग पुरावे गोळा करायला लागतो. तिथून भांडण सुरू होतं. कोर्टात निकाल आधी आणि साक्षी नंतर असं चालत नाही, ठेल्यावरही चालत नाही.

सराव म्हणून हाच प्रयोग घरी करावा. हेल्मेट डोक्यावर ठेवून हेल्मेट शोधणारा, मोबाईलच्या टॉर्चने मोबाईल शोधणारा असा कोणी ना कोणी सापडतोच. शब्द पाच प्रश्नांच्या आत आणावा. सहावा प्रश्न लागला तर सोडून द्यावं, तेवढ्यात वस्तू सापडलेली असते.

फोकनाड

भैताड करतो, फोकनाड बोलतो. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ. नागपुरात माणूस खोटं बोलतो असं सहसा म्हणत नाहीत, ‘फेकून राहिला’ असं म्हणतात, आणि जो सवयीने, कलेने, पदरमोड करून फेकतो तो फोकनाड. त्याला पैसे नको असतात, कोणाचं नुकसानही करायचं नसतं. मंत्रालयात आपला साडू सचिवाच्या शेजारच्या खोलीत बसतो, ताडोब्यात वाघ आपल्या जिप्सीच्या बॉनेटवर पाय ठेवून उभा राहिला, नवतप्याच्या उन्हात आपण रोडवर ऑम्लेट केलं होतं, असं सांगून बैठकीला दोन घटका रमवण्याची त्याची इच्छा असते.

फोकनाडाला अडवायचं नसतं, हा नियम. अडवणाऱ्याला बैठकीत परत बोलावत नाहीत. फक्त मधेमधे ‘मग?’ म्हणावं. अगदीच डोक्यावरून पाणी जाऊ लागलं तर ‘हल्लू हल्लू, बाप्पा’ असं म्हणावं, म्हणजे तो वाघाचा एक पाय तरी बॉनेटवरून खाली घेतो.

डिसेंबरात जपून राहावं. 1953 च्या नागपूर करारातल्या अटीनुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे भरतं, आणि त्या दिवसांत शहरात बाहेरचे फोकनाडही येतात. त्यांची शैली निराळी, आवाज चढा आणि ते ‘मग?’ विचारायला जागाच ठेवत नाहीत. त्यांच्यावर सराव करू नये.

इंग्रजीतून म्हणायचं असल्यास

हा भाग ऐच्छिक आहे. 1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी, आणि 1956 पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी कारभाराचं ठाणं होतं. त्यामुळे मूर्खासाठी इथे तीन भाषांच्या पेट्या उघड्या असतात. मराठी पेटी आपण पाहिली. हिंदीतून लल्लू, बुद्धू आणि उल्लू आले ते घरचेच झाले. इंग्रजी पेटीतून जुन्या मॉरिस कॉलेजच्या वळणाच्या पिढीने एकच शब्द उचलला आणि तो जन्मभर पुरवला, ‘नॉनसेन्स!’ धरमपेठेतल्या काही घरांत अजून एखादे निवृत्त आजोबा पेपर वाचता वाचता हा शब्द टाकतात. कोणाला उद्देशून, ते सांगत नाहीत. घरातला प्रत्येक जण आपापल्या मापाने घेतो.

आताची पिढी स्पोकन इंग्लिशच्या क्लासातून नवीन माल आणते. इंग्रज माणूस मूर्खाला तोंडावर मूर्ख म्हणत नाही, तो हिशोबातली तूट दाखवतो. अमक्याच्या पिकनिकमध्ये थोडी सँडविचेस कमी आहेत, अमक्याची लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत जात नाही, अशी ती बोलण्याची तऱ्हा. कल्पना झकास आहे, पण ठेल्यावर ती चालत नाही. ‘त्याच्या पिकनिकमध्ये सँडविच कमी आहेत’ असं कोणी म्हटलं तर समोरून विचारणा होईल, ‘कोणती पिकनिक? अंबाझरीची? अन् सँडविच काहून नेले बे, रोडगे नाही का करता आले?’ आणि मूळ मूर्ख बाजूला राहून वांग्याची भाजी कोणी करायची यावर बैठक जाईल. प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की आयात करायचीच तर पुरती करावी. शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजून होणारं जेवण ही इकडची खरी पिकनिक. तेव्हा ‘त्याच्या पंगतीत दोन रोडगे कमी पडले’ असं म्हणून पाहावं. हा वाक्प्रचार कुठल्याही कोशात नाही, आत्ताच केला आहे. रुळला तर रुळला.

ऋतुमान

पंचवीस मेच्या सुमारास नवतपा लागतो. पारा पंचेचाळिशीच्या पलीकडे जातो, दुपारी रस्त्यावर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली माणसंच दिसतात, त्यांचे नुसते डोळे उघडे. या नऊ दिवसांत कोणालाही भैताड म्हणू नये. ‘ऊन लागलं त्याले’ एवढंच म्हणावं आणि लिंबू सरबत द्यावं. इतर महाराष्ट्रात अकलेचा कांदा असतो. इथे उन्हाळ्यात कांदा खिशात असतो, लू लागू नये म्हणून. जुनी माणसं अजून ठेवतात. तेव्हा नवतप्यात कोणाच्या खिशातून कांदा बाहेर आला तर त्यावर विनोद करणारा स्वतःच नवखा ठरतो.

अपवाद

विदर्भात वेडा म्हणताना एकदा मागेपुढे पाहावं, कारण नंतर त्याच्या पायांवर डोकं ठेवायची पाळी येऊ शकते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडं समजत. ते गावभर हिंडत, निर्जीव वस्तूंशी बोलत, मनाला येईल ते उचलून खात. म्हाइंभटांनी त्यांच्या या लीळा लिहून ठेवल्या आणि चक्रधरस्वामींचे गुरू ते हेच गोविंदप्रभू. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. शेगावात 1878 साली उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक तरुण दिसला तेव्हाही बघ्यांच्या मनात हाच शब्द आला असणार. आज त्या गावात गजानन महाराजांच्या दर्शनाची रांग लागते.

ओळखायचं कसं? सोपी खूण नाही. एवढं मात्र खरं की भैताड आपण भैताड नाही हे पटवून देण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो. त्या दोघांनी असं काही केल्याचं कुठे आढळत नाही.

धोक्याची सूचना

इथवर पोचलेल्या विद्यार्थ्याला आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. नागपुरात भैताड, बह्याड, झामल्या यांतल्या कशालाही घाबरू नये. घाबरायचं ते एकाच शब्दाला, आणि तो म्हणजे ‘हुशार’.

‘तुम्ही तर लय हुशार आहे जी’ असं कोणी म्हणालं, आवाज न चढवता, डोळ्यांत डोळे न घालता, की समजावं, निकाल लागला. यात प्रश्न नाहीत, पुरावे नाहीत, हसणं नाही, आणि ‘जी’ तर पुन्हा मिळालंच. म्हणजे आपण जिथून निघालो होतो त्या पाहुण्याच्या खुर्चीवर परत नेऊन बसवलं. भैताड संध्याकाळपर्यंत उतरतो, हुशार उतरत नाही. ऑफिसात नवीन आलेला अधिकारी पहिल्याच आठवड्यात जुन्या कारकुनाला फायली कशा लावायच्या ते शिकवतो, कारकून सगळं ऐकून ‘साहेब हुशार आहे’ एवढंच म्हणतो, आणि त्यानंतर साहेबांना हवी ती फाईल तीन वर्षं सापडत नाही.

समर्थांना हा फरक पक्का ठाऊक होता. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. मधल्या आठ समासांत उत्तम लक्षण आहे, कुविद्या आहे, भक्ती आहे, तिन्ही गुण आहेत, सद्विद्या आहे, विरक्त आहे. एवढा प्रवास करून आल्यावर शेवटी मूर्ख परत भेटतो, पण आता तो शिकून आलेला असतो. पहिल्या समासातला मूर्ख स्वतःची स्तुती स्वतःच करतो, कारण नसताना हसतो, घरी सुचलेलं शहाणपण सभेत त्याला सांगता येत नाही. त्याच्यात आपल्याला आपला साळा दिसतो, शेजारी दिसतो, आरशात पाहिलं तर अजूनही कोणी दिसतो. दहाव्यातल्याला मात्र सगळं येतं. त्याला सुधारण्याचं काम कोणी अंगावर घेत नाही. त्याला ‘हुशार’ म्हणतात आणि रस्ता देतात. रामदासपेठेत राहिलं म्हणून हे आपोआप समजतं असं नाही, तिथल्यांनीही दोन्ही समास वाचावेत.

जास्तीचं वाचन

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1871 साली नागपुरात जन्मले. वकिली त्यांनी खामगावात केली. ‘सुदाम्याचे पोहे’मधले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे या शास्त्राचे आद्य प्रयोगशील विद्यार्थी मानायला हरकत नाही. कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी 1919 च्या जानेवारीत सावनेरला वारले, म्हणजे नागपूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. मराठी विनोदाचं एक टोक इथे सुरू झालं आणि दुसरं इथेच जवळ येऊन थांबलं. यात नागपूरचं काही कर्तृत्व नाही, पण ठेल्यावर सांगायला बरं आहे. सांगताना थोडं फेकलं तरी चालेल.

अंतिम परीक्षा : मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. लहान मुलं लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात तोच हा दिवस. तान्हा पोळा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केला असं सांगतात. आपल्याला मात्र बैलांकडे जायचं नाही. सकाळीच इतवारी गाठायची.

खेड्यांत या दिवशी पहाटे दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या काढतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत रोगराई, ढेकूण, डास, खोकला सगळं गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. नागपूरने त्याची पुतळ्यांची मिरवणूक केली. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते. तेली समाजाची ती परंपरा. बायका तिला नमस्कार करायला तान्ही मुलं घेऊन उभ्या असतात. काळीची कथा वेगळी. भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याचा राग म्हणून ही काळी, अशी लोकांची आठवण आहे. दोघींची भेट नेहरू पुतळ्यापाशी होते आणि त्या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आपल्या अभ्यासाचा विषय मात्र त्यांच्या मागून येणारे बडगे. बांबूचा सांगाडा, वर कागद, रंगवलेलं तोंड, आणि गळ्यात पाटी. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा बडग्या, त्या वर्षी जो कोणी लोकांच्या डोक्यात बसला असेल त्याचा बडग्या. पाटी नीट वाचावी. तिच्यावर ‘हा मूर्ख आहे’ असं कधीच लिहिलेलं नसतं. त्याने काय केलं ते लिहिलेलं असतं, बहुधा यमक जुळवून, बहुधा शुद्धलेखनाचा बळी देऊन. साक्षीपुरावा पाटीवर आणि निकाल गर्दीच्या तोंडी. ठेल्यावर चार प्रश्नांत जे होतं ते इथे ढोल-ताशांच्या गजरात होतं, आणि मिरवणूक संपली की सगळे पुतळे जाळून टाकतात. पुढच्या वर्षी खड्ड्याचा बडग्या पुन्हा लागतोच, पण तो नव्याने बांधावा लागतो, जुना ठेवत नाहीत.

परीक्षेचं स्वरूप असं. गर्दीत उभं राहावं. शेजारी कोण आहे ते पाहू नये, तिथे सगळे सारखेच. आपल्या खात्याचा, आपल्या बँकेचा, आपण ज्याला मत दिलं त्याचा बडग्या समोरून आला तर मान खाली घालू नये, मोबाईल काढून ‘तसं नाही, आकडेवारी पाहिली तर’ असं सुरू तर मुळीच करू नये. इतरांबरोबर ओरडावं. शेजारच्या अनोळखी माणसाने तुमच्याकडे बघून ‘काहून बे, तुह्याच ऑफिसचा दिसते नं?’ असं विचारलं तर पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण.

त्या दिवशी नागपुरात स्थानिक सुटी असते. बाहेरून बदलून आलेले काही जण दरवर्षी मारबत पाहायला म्हणून आठवडाभर आधी किरकोळ रजेचा अर्ज टाकतात. अर्ज आस्थापनेच्या टेबलावर पोचतो, कारकून तो वाचतो, शेजारच्या टेबलावर सरकवतो, मग तो सगळ्या सेक्शनमधून फिरून येतो. त्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काय लिहिलेलं असतं ते आता तुम्हाला वाचता यायला हवं.